मॅपमध्ये एकदम पुष्कळ नोंदी भरताय? या चुका टाळा

मालवण-देवगड पट्ट्यातली बरीच मुलं त्यांचा सी प्लस प्लसचा कोड मला बघायला पाठवतात. कुणाचा कॉलेजचा प्रोजेक्ट असतो, कुणी गावातल्याच एखाद्या दुकानासाठी नाहीतर सोसायटीसाठी काहीतरी लिहीत असतो. कोड वेगळा असतो पण चूक तीच असते, अगदी तीच. व्हेक्टरमध्ये, म्हणजे साध्या यादीत, जमवलेला सगळा माल एका ओळीत मॅपमध्ये किंवा सेटमध्ये ओतायचा (मॅप म्हणजे की, म्हणजे ओळखीची खूण, आणि तिची किंमत अशा जोड्या क्रमाने ठेवणारा साठा, सेट म्हणजे नुसत्या की, दोन्हीत एक की एकदाच), प्रोग्रॅम चालला, एरर आली नाही, म्हणजे सगळं आत गेलं असं धरून पुढे जायचं. अरे बाबांनो, एरर येणारच नाही. मॅपला तुमची नोंद नको असेल तर तो ती शांतपणे बाजूला ठेवतो आणि तुम्ही विचारलंत तरच सांगतो.

हे मी कशावरून बोलतोय ते आधी सांगतो.

आमच्याकडच्या एका बंदरावर रोज संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. तिथल्या एका संस्थेसाठी आम्ही तिघांनी मिळून हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला होता. लिलाव चालू असताना एकजण मोबाइलवर बोटीचा नंबर, पावतीचा नंबर, मासा, किलो, दर असं भरत जायचा, रात्री ती फाइल ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यायची आणि आमचा प्रोग्रॅम ती वाचून बोटीप्रमाणे लावून तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, हिशोबाचा कागद काढायचा. बोटीप्रमाणे क्रमाने लावायचं म्हणून मॅप घेतला, की म्हणून बोटीचा नंबर, आणि फाइलमधल्या ओळी व्हेक्टरमध्ये घेऊन एका रेंज इन्सर्टने, म्हणजे सगळी यादी एकाच हुकमात, मॅपमध्ये. कोड दिसायला छान दिसत होता.

टेस्टिंग जुलैत केलं. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, लिलावच नाही, मग खरा डेटा कुठून आणणार? आम्ही बसून हाताने नमुना फाइल तयार केली, पंचवीस-तीस बोटी, प्रत्येक बोटीची एक ओळ. सगळं जुळलं. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडल्या, लिलाव सुरू झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचे जुने हिशोबनीस, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी त्यांची वही माझ्यासमोर उघडी ठेवली. लांब पुठ्ठ्याची वही, पाण्याने कडा फुगलेल्या, प्रत्येक ओळीसमोर लाल पेन्सिलीची बारीक खूण, आणि जिथे आमच्या कागदावर ती ओळ नव्हती तिथे खूणच नाही. म्हणाले, "झिला, माझ्या वहीत एकेचाळीस नोंदी आसत, तुझ्या कॉम्प्युटरात सव्वीसच कित्याक?"

सव्वीस का, तर त्या दिवशी बोटी सव्वीस होत्या. खऱ्या लिलावात एका बोटीचा माल एकाच ढिगात जात नाही ना. सुरमई वेगळी, बांगडा वेगळा, म्हाकूल वेगळं. एका बोटीची सुरमई ३२ किलो पहिल्या ओळीत होती, ती मॅपमध्ये गेली, मग तिचाच बांगडा १४० किलो आला, की तीच, मॅपने घेतला नाही. त्या तांडेलाच्या कागदावर फक्त सुरमई. बांगड्याचे पैसे वहीत होते म्हणून त्याला मिळाले, आमच्या भरवशावर राहिला असता तर खलाशांचे वाटे कमी पडले असते. हे मला आजही लागतं, कारण तो आकडा नुसता स्क्रीनवरचा नव्हता.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. आमच्यातल्या एकाने लगेच "सोपं आहे" म्हणून इन्सर्ट काढून चौकोनी कंस वापरून लूप लिहिला. चौकोनी कंसाने काय होतं, तर ती की आधीच असेल तर जुनी किंमत जाऊन नवी बसते. म्हणजे आता सुरमई गेली आणि शेवटचा ढीग राहिला. नोंदी परत सव्वीसच, पण त्या दिवशी शेवटचे ढीग मोठे होते म्हणून एकूण रक्कम वहीच्या बरीच जवळ आली आणि दोन दिवस सगळ्यांना वाटलं की झालं दुरुस्त. अर्धवट दुरुस्ती अशीच असते, ती चूक नाहीशी करत नाही, दिसेनाशी करते.

मग मल्टिमॅप. इथे एकच की कितीही वेळा चालते, त्यामुळे काही गळणार नाही हे खरं. तीच फाइल परत चालवली, नोंदी आल्या ४७. वहीत ४१! सहा जास्त कुठून आल्या, तर जेटीवर मोबाइलचं नेटवर्क जातं-येतं, मोबाइलने पाठवलेल्या सहा ओळींची पोच परत आली नाही म्हणून त्याने त्या पुन्हा पाठवल्या. मॅप दोन्ही वेळा जास्तीचं गाळत होता, खरं आणि खोटं दोन्ही, आणि मल्टिमॅप दोन्ही घेत होता.

तेव्हा कुठे आम्ही बसून जो प्रश्न जूनमध्ये विचारायला हवा होता तो विचारला, की नोंद "तीच" आहे हे कशावरून ठरतं? बोटीवरून नाही. बोट आणि पावती नंबर या जोडीवरून. की म्हणून ती जोडी घेतली, मॅप परत साधाच घेतला, लूप लावून एकेक इन्सर्ट, आणि जी नाकारली ती वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवली. मॅपमध्ये ४१, नाकारलेल्या फाइलमध्ये ६. आबांनी त्या सहा ओळी स्वतः वाचून बघितल्या आणि मगच मान हलवली.

तर यातून कामाचं एवढंच. मॅपचं एकेकट्या नोंदीचं इन्सर्ट एक जोडी परत देतं, इटरेटर (नोंदीची जागा दाखवणारा) आणि खरं-खोटं. खोटं म्हणजे ती की आधीपासून होती, तुमचं घेतलं नाही. रेंज इन्सर्ट मात्र काहीच परत देत नाही, किती गेल्या किती राहिल्या काही नाही. म्हणून रेंज इन्सर्ट वापरायचंच असेल तर माझी सवय अशी की आधीची साइज लिहून ठेवतो, नंतरची बघतो, आणि फरक पाठवलेल्या नोंदींइतका नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबवतो. दोन ओळी लागतात. मुलं म्हणतात कोड घाण दिसतो. दिसू दे.

सी प्लस प्लस १७ (भाषेची २०१७ची आवृत्ती) पासून इन्सर्ट ऑर असाइन आहे, जुनं बदलून नवं ठेवायचं असेल तर ते वापरा, वाचणाऱ्याला नावावरून कळतं की तुम्ही जाणूनबुजून बदलताय, शिवाय नवीन घातली की जुनी बदलली हेही ते सांगतं. चौकोनी कंस भरायला वापरू नका असं मी म्हणत नाही, मोजदाद करायला तो उत्तम आहे, प्रत्येक माशाचे किलो बेरजेत टाकत जायचे तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण की नसेल तर तो शून्यापासून नवी नोंद तयार करून देतो. पण त्याच कारणासाठी नुसतं बघायला चौकोनी कंस वापरलात की नसलेली नोंद तयार होऊन बसते. शोधायला फाइंड किंवा कंटेन्स.

आणि हो, एकाच यादीत एक की दोनदा असेल तर रेंज इन्सर्टमध्ये पहिली राहते असं तुम्हाला तुमच्या कम्पायलरवर दिसेल. त्यावर विसंबू नका, यातली नेमकी कुठली राहणार हे स्टँडर्डने, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांनी, पक्कं करून दिलेलं नाही. पहिली हवी का शेवटची हवी ते तुम्ही ठरवा आणि तसा लूप लिहा.

आता दुसरी चूक, जी मला पहिलीइतकीच टोचते. कंपेअर फंक्शन, म्हणजे कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवणारं फंक्शन.

आंब्याच्या पेट्यांची यादी घ्या. प्रत्येक पेटीला नंबर आहे, दर आहे, किती डझनाची ते आहे. दराप्रमाणे लावलेल्या हव्यात म्हणून सेट घेतला आणि कंपेअर फंक्शनमध्ये लिहिलं, याचा दर त्याच्या दरापेक्षा कमी. दोनशे पेट्या घातल्या, आत राहिल्या अकरा. कारण त्या दिवशी दरच अकरा प्रकारचे होते. सेट कधीही दोन वस्तू सारख्या आहेत का असं विचारत नाही, त्याला बरोबरीचं चिन्ह माहीतच नाही. तो दोनच प्रश्न विचारतो, हा त्याच्या आधी येतो का, तो याच्या आधी येतो का, आणि दोन्हीला नाही आलं की त्याच्या लेखी ती एकच वस्तू. तुम्ही दर सोडून बाकी काही सांगितलंच नाही तर त्याने तरी काय करावं.

इथे एक पळवाट मी इतक्यांदा बघितली आहे की आता कुणाच्या कोडमध्ये दिसली की मी पुढचं वाचत नाही, आधी फोन करतो. पेट्या गळतायत हे कळल्यावर मुलगा "कमी" च्या जागी "कमी किंवा समान" करतो. आणि दोनशेच्या दोनशे पेट्या आत जातात! तो खूश. पण आता एकाच दराच्या दोन पेट्या घेतल्या तर पहिली दुसरीच्या आधी येते याला हो, आणि दुसरी पहिलीच्या आधी येते यालाही हो. पेटी स्वतःच्याच आधी येते यालाही हो. असा क्रम असू शकत नाही, आणि स्टँडर्डच्या भाषेत हे अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची कुणीही हमी देत नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा असं होतं की पेटी आत आहे, फिरून बघितलं की दिसते, पण फाइंड केलं की सापडत नाही आणि इरेज केलं की निघत नाही. महिन्याभराने कुणीतरी विचारतं की विकलेली पेटी यादीत अजून कशी, आणि तोवर तो बदल कुणी का केला हे विसरलेले असतात.

यावरचा उपाय अगदी सरळ आहे. आधी दर बघा, दर सारखा असेल तर पेटीचा नंबर बघा. दोन्ही टाय नावाच्या फंक्शनने बांधून एका ओळीत तुलना होते. शेवटचा निकष नेहमी असा घ्यायचा जो दोन वस्तूंचा कधीच सारखा नसतो. मी तर पहिला निकष लिहायच्या आधी हा शेवटचा लिहितो.

अपूर्णांकाची की करत असाल तर नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी किंमत, आत येऊ देऊ नका, त्याची कशाशीच तुलना होत नाही आणि क्रमाची तशीच वाट लागते. दर रुपयात ठेवण्याऐवजी पैशात, पूर्णांकात ठेवा.

मराठी अक्षरांची की करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण हे इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. साधी स्ट्रिंग की असेल तर क्रम बाइटप्रमाणे लागतो. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर आणि व च्या आधी बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे गावांच्या मॅपमध्ये काळबादेवी आधी आणि काशीद नंतर येतं, शब्दकोशाच्या क्रमाने उलट हवं. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. जे दिसत नाही ते असं, की "आचऱ्याचे" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. मॅपसाठी दोन वेगळ्या की. दोन जणांनी दोन वेगळ्या कीबोर्डांवर याद्या केल्या आणि त्या एकत्र केल्या की एकाच गावाच्या दोन नोंदी होतात आणि तासन्‌तास बघूनही कळत नाही का. युनिकोड नॉर्मलायझेशनने हा फरक जात नाही, तो जोडक तसाच राहतो. मी आत घालायच्या आधीच एका फंक्शनमधून सगळं एकाच रूपात आणतो. क्रमासाठी आयसीयू या लायब्ररीचा मराठी कोलेटर, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणारं साधन, वापरतो, पण तोही कधी दोन वेगळ्या स्ट्रिंगांना समान म्हणू शकतो, म्हणजे परत पेट्यांसारखं, म्हणून मागे साध्या स्ट्रिंगची तुलना जोडतो.

आकडे स्ट्रिंग म्हणून ठेवलेत तर १० नंबर ९ च्या आधी येणार. पूर्णांक करा, संपलं.

वेगाबद्दल. नवशिक्यांना हा विषय फार आवडतो, बरोबर उत्तर येण्याआधीच त्यांना जोरात उत्तर हवं असतं. मॅप म्हणजे आत एक झाड असतं, नेहमीच्या लायब्रऱ्यांत रेड-ब्लॅक ट्री, प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र नोड, प्रत्येकासाठी वेगळी मेमरी. दहा लाख नोंदींत एक घालायची तर साधारण वीसेक तुलना होतात. ते काही फार नाही. जड पडतं ते दहा लाख वेळा मेमरी मागणं आणि इकडून तिकडे उड्या मारणं. आणि रिझर्व्ह, म्हणजे आधीच जागा राखून ठेवणं, मॅपला नसतो, तो व्हेक्टरला, तो शोधत बसू नका.

हिंट, म्हणजे नोंद कुठे बसेल याचा अंदाज, देऊन इन्सर्ट करता येतं. माल आधीच चढत्या क्रमाने लावलेला असेल तर हिंट म्हणून एंड (मॅपचा शेवट) द्या, मग प्रत्येक नोंद सरासरी स्थिर वेळात बसते. जुन्या कोडमधून उचलताना एक लक्षात ठेवा, की सी प्लस प्लस ९८ मध्ये हिंटच्या लगेच नंतर बसणारी नोंद पटकन जायची असं लिहिलं होतं, ११ पासून हिंटच्या लगेच आधी बसणारी. चुकीची हिंट दिली तर उत्तर चुकत नाही, फक्त फायदा मिळत नाही. तसंच क्रमाने लावलेल्या रेंजमधून नवा मॅप बांधला तर वेळ नोंदींच्या प्रमाणात लागतो ही हमी आहे, पण आधीच भरलेल्या मॅपमध्ये रेंज इन्सर्ट केलं तर ती हमी नाही. शक्य असेल तर आधी सॉर्ट करून एकदमच बांधा.

पण त्याहून आधी स्वतःला विचारा की मॅप हवाच कशाला. एकदा भरायचं आणि मग नुसतं शोधत राहायचं असं काम असेल, तर व्हेक्टरमध्ये भरा, स्टेबल सॉर्ट करा, युनिक करा, बायनरी सर्च करा. युनिक सारख्यांपैकी पहिली ठेवतं आणि स्टेबल सॉर्ट सारख्यांचा मूळ क्रम मोडत नाही, त्यामुळे कुठली राहणार हे तुमच्या हातात असतं. साध्या सॉर्टवर ही खात्री नाही. सी प्लस प्लस २३ मध्ये फ्लॅट मॅप आलाय तो याच धर्तीचा, पण त्यात लूप लावून मध्येच एकेक घालू नका, प्रत्येक वेळी पुढचं सगळं सरकतं. एकदम रेंज द्या. आणि माल आधीच लावलेला आहे, दुबार नाही असं सांगणारा जो टॅग आहे, तो खरं असेल तरच द्या. कुणी तपासत नाही, नुकसान तुमचं.

दोन मॅप एकत्र करायचे तर १७ पासूनचं मर्ज चांगलं आहे, नोड उचलून इकडे आणतं, कॉपी होत नाही. ज्या की दोन्हीकडे होत्या त्या, जिथून उचलतोय त्या जुन्या मॅपमध्येच राहतात. मर्ज झाल्यावर जुना मॅप रिकामा आहे का ते बघा, न बघता टाकून देऊ नका.

एम्प्लेस, म्हणजे नोंद थेट मॅपमध्येच बांधणारं फंक्शन, ती की आधीच असली तरी नोड बांधून मोडू शकतं, आणि मूव्ह केलेली (कॉपी न करता सोपवलेली) वस्तू हातची जाऊ शकते. ट्राय एम्प्लेस तसं करत नाही.

सेटवर फिरताना त्याच सेटमध्ये मोठ्या किंमती घालत राहिलात तर लूप संपणार नाही. वेगळ्या व्हेक्टरमध्ये जमवा, फिरून झालं की घाला. मॅपची स्वतःचीच रेंज त्याच मॅपमध्ये घालू नका.

त्या ऑगस्टपासून मी एक सात ओळींची फाइल जवळ ठेवलेली आहे आणि ज्या कोडमध्ये मॅप किंवा सेट भरला जातो तिथे खरा डेटा देण्याआधी ती देतो. पहिल्या दोन ओळी एकाच बोटीच्या, मासा वेगळा, पावती वेगळी. तिसरी ओळ पहिलीची हुबेहूब नक्कल. चौथीत पावती पहिलीचीच पण किलो वेगळे, म्हणजे कुणीतरी दुरुस्ती केली आहे. पाचवीत दर दुसरीइतकाच, बाकी सगळं वेगळं. सहावीत आणि सातवीत बोट वेगळी, पावत्या वेगळ्या, गाव एकच, दोन प्रकारच्या ऱ ने टाइप केलेलं. मुलाला सांगतो, चालवायच्या आधी कागदावर लिही की आत किती राहायला हव्यात, किती नाकारल्या जायला हव्यात, चौथीचं काय करायचं आणि गावं किती मोजली जायला हवीत. चौथीचं उत्तर मुलाकडे नसतं, ते आबांसारख्या माणसाकडे असतं, आणि त्यांना विचारायला जावंच लागतं.